मेनलाइन कर्नलवर चारपैकी एकच कोअर उठतोय, बाकीचे -२२ एरर देतायत. पीएससीआय (कोअर चालू-बंद करायला फर्मवेअरला मारायचे ठरावीक कॉल) कळणाऱ्यांनी मदत करा

चिंचवडचा_चिप

नमस्कार मंडळी. कस्टम बोर्ड आहे, चार कॉर्टेक्स-ए५५ कोअरवाला एसओसी, व्हेंडरच्या एसडीकेमधला कर्नल टाकला की चारही कोअर गपगुमान उठतात, पण तो कर्नल इतका जुनाट आहे की मॅनेजरनेच सांगितलं मेनलाइनवर (लिनक्सच्या मूळ कर्नलवर) आणा, म्हणून डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) पहिल्यापासून लिहायला घेतली. युआर्ट चालू, ईएमएमसी चालू, इथरनेटसुद्धा आलं, लॉगिन प्रॉम्प्ट येतो आणि एलएससीपीयू मारलं की ऑनलाइन कोअर दिसतो एक. बाकीचे तीन ऑफलाइन.

लॉग उच्चाराप्रमाणे देवनागरीत टाइप करतोय, सांभाळून घ्या:

बूटिंग लिनक्स ऑन फिजिकल सीपीयू ०एक्स०००००००००० [०एक्स४१२एफडी०५०]
पीएससीआय: प्रोबिंग फॉर कंड्युट मेथड फ्रॉम डीटी.
पीएससीआय: पीएससीआयव्ही१.१ डिटेक्टेड इन फर्मवेअर.
पीएससीआय: युझिंग स्टँडर्ड पीएससीआय व्ही०.२ फंक्शन आयडीज
एसएमपी: ब्रिंगिंग अप सेकंडरी सीपीयूज
पीएससीआय: फेल्ड टू बूट सीपीयू१ (-२२)
सीपीयू१: फेल्ड टू बूट: -२२

पुढे सीपीयू२ आणि सीपीयू३ चं पण हेच रडगाणं.

डिव्हाइस ट्रीमध्ये पीएससीआयचा नोड आहे, कम्पॅटिबल "आर्म,पीएससीआय-१.०", मेथड "एसएमसी" (फर्मवेअरला हाक मारायची इन्स्ट्रक्शन), प्रत्येक सीपीयू नोडला एनेबल-मेथड "पीएससीआय". सीपीयूंचा तुकडा एका ए५३ वाल्या बोर्डाच्या फाइलमधून उचलला आणि ए५३ च्या जागी ए५५ केलं. बीएल३१ (हे कॉल ऐकणारं सिक्युअर फर्मवेअर) व्हेंडरकडून बायनरीच मिळालीय, सोर्स नाही. ऑफिसात सगळ्यांचं एकच, फर्मवेअर बंडल आहे, व्हेंडरला मेल टाक. मेल टाकतो हो, पण उत्तर यायला किती आठवडे जातील देव जाणे.

आणि एक बेसिक प्रश्न पण विचारून घेतो, हसू नका. कर्नल एवढा मोठा प्रकार, मेमरी तोच बघतो, इंटरप्ट तोच बघतो, मग दुसरा कोअर चालू करायला त्याला फर्मवेअरच्या पाया का पडावं लागतं?

झोपाळू_पेंग्विन

बूटआर्ग्जमध्ये मॅक्ससीपीयूज=१ किंवा नोएसएमपी राहिलंय का बघ भावा. बरेचदा डीबगिंग करताना कोणीतरी टाकतं आणि तसंच राहून जातं.

चिंचवडचा_चिप

नाही दादा, ते बघितलं. आणि ते असतं तर कर्नलने प्रयत्नच केला नसता ना, इथे प्रयत्न करून -२२ येतोय.

जुनंखोड

फर्मवेअरला शिव्या देण्याआधी जरा थांबा, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. बीएल३१ चांगलं शुद्धीत आहे, व्हर्जन विचारलं तर १.१ असं नीट उत्तर देतंय.

तुझ्या लॉगची पहिली ओळ परत वाच. चौकटी कंसातला तो ४१२एफडी०५० आकडा आहे ना, तो कोअरचा ओळख क्रमांक. सुरुवातीचं ४१ म्हणजे आर्म कंपनी, आणि मधलं डी०५ म्हणजे कॉर्टेक्स-ए५५. ए५३ असता तर डी०३ दिसलं असतं. आता ज्या फाइलमधून तू नोड उचललास तिथे सीपीयूंच्या रेगमध्ये (कोअरचा नंबर लिहायची जागा) ०, १, २, ३ असणार, बरोबर? आणि तू कम्पॅटिबल बदललंस, रेग तसाच ठेवलास. घोडं तिथेच अडलंय.

नीट सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे दहा प्रॉब्लेम आपोआप कळतात. "सीपीयू१" हा कर्नलने स्वतःच्या सोयीसाठी दिलेला आकडा आहे, फर्मवेअरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. फर्मवेअर कोअरला ओळखतं ते त्याच्या एमपीआयडीआर रजिस्टरमधल्या अ‍ॅफिनिटी नंबरावरून. हा नंबर आठ-आठ बिटांच्या खणांचा असतो, अ‍ॅफ०, अ‍ॅफ१, अ‍ॅफ२ आणि वर दूर कुठेतरी अ‍ॅफ३. ए५३ किंवा ए७२ मध्ये अ‍ॅफ० म्हणजे कोअर आणि अ‍ॅफ१ म्हणजे क्लस्टर, म्हणून पहिल्या क्लस्टरचे कोअर ०, १, २, ३ आणि दुसऱ्या क्लस्टरचे हेक्स १००, १०१ असे जातात. आरके३३९९ बघ, चार ए५३ ना ० ते ३ आणि दोन ए७२ ना १०० नि १०१. पण ए५५, ए७६ आणि त्यांच्या नंतरची मंडळी आली तेव्हा आर्मने सगळं एक घर वर सरकवलं. आता अ‍ॅफ० म्हणजे थ्रेड, अ‍ॅफ१ म्हणजे कोअर, अ‍ॅफ२ म्हणजे क्लस्टर. ए५५ मध्ये कोअरमागे एकच थ्रेड असतो, पण खण मात्र राखून ठेवलाय, आणि एमपीआयडीआरचा २४ वा बिट, ज्याला एमटी म्हणतात, तो १ असतो. त्यामुळे तुझे कोअर आहेत हेक्स ०, १००, २०० आणि ३००. आरके३५६८ ची फाइल उघडून बघ, चार ए५५ आहेत आणि रेग हेच आहेत. रास्पबेरी पाय ५ मध्ये चार ए७६, तिथे पण हेच.

पहिला कोअर का उठला? कारण शून्य दोन्ही पद्धतींत शून्यच. तो जर जुळला नसता तर कर्नलने वेगळीच बोंब मारली असती, "मिसिंग बूट सीपीयू एमपीआयडीआर, नॉट एनेबलिंग सेकंडरीज" अशी, आणि बाकीच्यांना हातच लावला नसता.

आता -२२ बद्दल. हा आकडा फर्मवेअरने दिलेलाच नाही. फर्मवेअरने दिलं -२, म्हणजे इनव्हॅलिड पॅरामीटर्स. कर्नलमध्ये एक छोटंसं फंक्शन आहे जे पीएससीआयचे एरर लिनक्सच्या एररमध्ये बदलतं, आणि ते भलतंच उदार आहे. -१ म्हणजे नॉट सपोर्टेड, त्याचं होतं -९५. -३ म्हणजे डिनाइड, त्याचं होतं -१. -२ आणि -९, म्हणजे चुकीचा पॅरामीटर आणि चुकीचा पत्ता, दोन्हीचं -२२. आणि उरलेलं सगळं, ऑलरेडी ऑन असो, ऑन पेंडिंग असो, इंटर्नल फेल्युअर असो, तेही -२२ च. म्हणजे -२२ ही कचरापेटी आहे, खरं कारण कळायचं तर फर्मवेअरचा मूळ आकडा बघावा लागतो.

तो बघायला कर्नल बिल्ड करायची गरज नाही. यू-बूटमध्ये एसएमसी नावाची कमांड असते, नसेल तर कॉन्फिगमध्ये चालू करून घे. प्रॉम्प्टवर आधी एसएमसी ०एक्स८४०००००० मार, ते पीएससीआय व्हर्जन. उत्तर ६५५३७ आलं पाहिजे, म्हणजे हेक्स १०००१, वरचा भाग १ आणि खालचा भाग १. मग एसएमसी ०एक्ससी४०००००४, पुढे कोअरचा नंबर, पुढे ०. ही अ‍ॅफिनिटी_इन्फो, म्हणजे "हा कोअर कुठल्या अवस्थेत आहे" एवढंच विचारणं, काही चालू-बंद होत नाही, बिनधास्त मारत बस. ० आलं तर कोअर चालू, १ आलं तर बंद, २ आलं तर चालू होण्याच्या वाटेवर. आणि -२ आलं (किंवा हेक्समध्ये एफांची लांब रांग आणि शेवटी ई) तर असा कोअरच नाही. ०एक्स१ ने विचार, मग ०एक्स१०० ने विचार, आणि इथे येऊन सांग.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जेवून आल्यावर देतो.

चिंचवडचा_चिप

काका काय बोलू! व्हर्जन ६५५३७. ०एक्स१ वर -२, ०एक्स१०० वर १, २०० वर १, ३०० वर १. आणि ४०० टाकून बघितलं तर परत -२. रेग बदलून बूट केलं:

सीपीयू१: बूटेड सेकंडरी प्रोसेसर ०एक्स०००००००१०० [०एक्स४१२एफडी०५०]

आणि शेवटी "ब्रॉट अप १ नोड, ४ सीपीयूज". त्याच्या थोडं आधी जीआयसीव्ही३ ची ओळ पण आली, सीपीयू१ साठी रीडिस्ट्रिब्युटर १०० सापडला म्हणून. व्हेंडरचा मेल ड्राफ्टमधूनच डिलीट केला.

एक गंमत, आधी मी घाईत रेगमध्ये एमपीआयडीआरचा पूर्ण आकडाच टाकला होता, ८१०००१००, तर कर्नल म्हणाला "इनव्हॅलिड रेग प्रॉपर्टी".

जुनंखोड

म्हणणारच. रेगमध्ये फक्त अ‍ॅफिनिटीचे खण हवेत, ३१ वा बिट आणि एमटीचा बिट काढून. कर्नल मास्क लावून तपासतो आणि फालतू बिट दिसला की नोड फेकून देतो.

आता दुसरा प्रश्न, पाया का पडायचं. कारण आर्मच्या ६४-बिट कोअरमध्ये ईएल३ (ईएल म्हणजे अधिकाराची पायरी) असेल तर रिसेटमधून कोअर बाहेर येतो तो थेट ईएल३ मध्ये, सगळ्यात वरच्या पायरीवर. कर्नल राहतो ईएल२ किंवा ईएल१ मध्ये. म्हणजे नवीन कोअर डोळे उघडतो तिथे कर्नलचा कोड चालू शकत नाही आणि चालू पण नये, तिथे आधी कोणीतरी बसलेलं हवं जे सिक्युअर बाजूची रजिस्टरं लावेल, इंटरप्ट कंट्रोलरचा त्या कोअरचा भाग जागा करेल, मग खाली उतरवून कर्नलच्या हवाली करेल. ते बीएल३१. शिवाय कोअरला वीज देणारा पॉवर कंट्रोलर बहुतेक चिपमध्ये फक्त सिक्युअर बाजूलाच दिसतो. घरातले दिवे आपण लावतो पण खांबावरचा फ्यूज टाकायला वायरमनलाच बोलवतो, तसंच आहे हे.

घडतं काय ते बघ. कर्नल एक्स० मध्ये फंक्शन आयडी टाकतो, सीपीयू_ऑनचा ६४-बिट आयडी हेक्स सी४०००००३. एक्स१ मध्ये कोअरचा नंबर, एक्स२ मध्ये कुठून सुरू करायचं तो पत्ता, एक्स३ मध्ये एक खुणेचा आकडा जो जसाच्या तसा नव्या कोअरच्या एक्स० मध्ये मिळतो. मग एसएमसी इन्स्ट्रक्शन, की उडी ईएल३ मध्ये. ट्रस्टेड फर्मवेअर-ए असेल तर ते पहिल्यांदा कोअरचा नंबर तपासतं (तुझं इथेच फिसकटत होतं), मग पत्ता, मग तो कोअर आधीच चालू आहे का किंवा वाटेवर आहे का, आणि सगळं ठीक असेल तर चिपवाल्याने लिहिलेला हुक बोलावतं जो प्रत्यक्षात वीज सोडतो आणि रिसेट उठवतो. इथे मूळ कॉल परत येतो, शून्य घेऊन. हे लक्षात ठेव, शून्य म्हणजे "कळलं, उठवायला घेतो", "उठला" असा त्याचा अर्थ नाही.

नवीन कोअर बीएल३१ च्या वॉर्म बूटच्या रस्त्याने येतो, स्वतःचं आवरतो आणि एरेट (खालच्या पायरीवर उतरायची इन्स्ट्रक्शन) मारून कर्नलने दिलेल्या पत्त्यावर उतरतो. तिथे एमएमयू (व्हर्च्युअल पत्त्याचा फिजिकल पत्ता करणारा भाग) बंद असतो, म्हणून कर्नलला फिजिकल पत्ता द्यावा लागतो, व्हर्च्युअल दिला तर कोअर अंतराळात. कर्नलचा सेकंडरी_एंट्री तिथून पेज टेबलं लावतो, एमएमयू चालू करतो, सेकंडरी_स्टार्ट_कर्नलमध्ये शिरतो, आणि तेव्हा कुठे ती "बूटेड सेकंडरी प्रोसेसर" ओळ छापली जाते. तोपर्यंत पहिला कोअर पाच सेकंदांपर्यंत दारात उभा.

पानशेतचं_पाणी

जुनंखोड, त्या "दारात उभा" वरून विचारते, माझ्याकडे -२२ वगैरे काहीच येत नाही, पाच सेकंद सन्नाटा आणि मग "सीपीयू१: फेल्ड टू कम ऑनलाइन". असं प्रत्येक कोअरला. बोर्ड वेगळा आहे, बीएल३१ आमचं आम्हीच बिल्ड करतो, चार ए५३, रेग बरोबर आहेत (आत्ता परत तपासले, ०, १, २, ३).

जुनंखोड

ताई हा वेगळा प्राणी आहे. फर्मवेअर हो म्हणालं पण कोअर पोचलाच नाही. त्या ओळीच्या खाली अजून काही छापलंय का? कोअर कर्नलच्या दारापर्यंत येऊन अडकला तर "इज स्टक इन कर्नल" किंवा ग्रॅन्युल सपोर्ट नाही असं काहीतरी येतं.

पानशेतचं_पाणी

काहीच नाही. नंतर कधीकधी सिस्टम विचित्र वागते, रीबूट मारलं तर हँग होते, म्हणून पॉवर काढावी लागते.

म्युनिकचा_माधव्या

मध्येच बोलतो, ताई ते रीबूट हँग होणं फार बोलकं आहे. रीबूट म्हणजे सिस्टम_रिसेट, तोही पीएससीआयचाच कॉल, ८४०००००९. म्हणजे बूटच्या सुरुवातीला पीएससीआय बोलत होतं (व्हर्जन आलं असणार) आणि नंतर ते हळूहळू वेडं होतंय. माझी पैज आहे की बीएल३१ डीरॅममध्ये बसलंय आणि कर्नल त्यावरूनच नांगर फिरवतोय. बीएल३१ ऑन-चिप एसरॅममध्ये असेल तर प्रश्न नाही, पण डीरॅममध्ये असेल तर दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये रिझर्व्ह्ड-मेमरीत तो तुकडा नो-मॅप करून राखून ठेवायचा, आणि दुसरं म्हणजे टीझेडसी सारख्या मेमरी फायरवॉलने तो सिक्युअर करायचा. दुसरं केलं असेल आणि पहिलं नसेल तर कर्नल तिथे हात लावल्या लावल्या एसएरर खाऊन मरतो, ते निदान लगेच कळतं. दोन्ही नसेल तर कर्नल ती मेमरी आपलीच समजून वाटून टाकतो, आणि सीपीयू_ऑन मारेपर्यंत वॉर्म बूटच्या कोडच्या जागी कोणाचा तरी डेटा बसलेला असतो. पहिल्या कोअरवर कॉल नीट चालतो कारण तो भाग योगायोगाने शाबूत किंवा कॅशमध्ये, आणि नवीन कोअर बिचारा थंड कॅश घेऊन येतो आणि कचरा एक्झिक्यूट करतो.

अशा केसमध्ये मी बीएल३१ डीबग बिल्ड करून त्याच्या युआर्टवर लॉग लावतो. सीपीयू_ऑननंतर वॉर्म बूटच्या रस्त्यावर एक अक्षर जरी छापलं तरी कोअर कुठपर्यंत आला ते कळतं. अक्षर आलंच नाही तर रिसेट पत्त्याचं रजिस्टर चुकीचं लागलंय का ते बघा, प्लॅटफॉर्मच्या हुकमध्ये पत्ता दोन बिट सरकवून लिहायचा असतो अशा चिप पण असतात, डेटाशीट वाचल्याशिवाय पर्याय नाही.

पानशेतचं_पाणी

रिझर्व्ह्ड-मेमरीमध्ये फक्त ऑपटीचा (सिक्युअर बाजूच्या छोट्या ओएसचा) तुकडा आहे. बीएल३१ चा नाही!! टाकून बघते, थांबा.

पानशेतचं_पाणी

चार कोअर. रीबूट पण होतोय. माधव्या, तुमचं नाव रिलीज नोटमध्ये टाकू का?

म्युनिकचा_माधव्या

नको, कर्नलच्या गिटमध्ये पुरेशा ठिकाणी आधीच शिव्या खातोय. पण फायरवॉल पण लावा, नाहीतर कोणीही रूट होऊन तुमचं ईएल३ वाचेल.

साडेसाती_एसएमपी

सगळं वाचलं, छान आहे, पण एक बोलतो, राग मानू नका. हे जे "फर्मवेअर देव आहे" चाललंय ते मला पटत नाही. पाय ४ बघा, तिथे पीएससीआय वगैरे काही नाही, स्पिन-टेबल आहे. चारही कोअर बूटच्या वेळीच जागे असतात, तीन जण स्टबमध्ये डब्ल्यूएफई (इशारा येईपर्यंत थांबायची इन्स्ट्रक्शन) करत फिरत असतात, प्रत्येकाचा एक मेमरीचा पत्ता ठरलेला, डी८, ई०, ई८, एफ०. कर्नल तिथे पत्ता लिहितो, एसईव्ही (इशारा द्यायची इन्स्ट्रक्शन) मारतो, ते उडी मारून येतात. पन्नास ओळींचा असेंब्ली कोड, सगळा डोळ्यासमोर. तुमचं बीएल३१ बायनरीत येतं, ईएल३ मध्ये बसतं, काय करतं ते त्यालाच ठाऊक.

जुनंखोड

साडेसाती, बायनरीबद्दलची चीड शंभर टक्के मान्य. ट्रस्टेड फर्मवेअर-ए चा सोर्स उघडा आहे, तरी चिपवाले त्यात आपले हुक घालून बायनरी टेकवतात, हे वाईटच.

पण स्पिन-टेबल एकतर्फी आहे. कोअर बाहेर येतो, परत जायला जागाच नाही. म्हणून पाय ४ वर सीपीयू हॉटप्लग मिळत नाही, कोअर खरोखर बंद करून गाढ झोपवणारा आयडल पण नाही. टेबलावरच्या खेळण्याला चालेल, बॅटरीवरच्या वस्तूला नाही. पाय ५ मध्ये त्यांनीच पीएससीआय घेतलं ना शेवटी.

आणि ३२-बिटचा जमाना विसरलास वाटतं. आर्च/आर्मच्या खाली प्रत्येक चिपवाल्याचं वेगळं माख- फोल्डर, प्रत्येकात आपलं आपलं प्लॅटएसएमपी, कोणी अमुक रजिस्टरमध्ये पत्ता लिहितोय, कोणी मेलबॉक्स वाजवतोय, कोणी नुसता आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) टाकून देव पाण्यात ठेवतोय. एका कर्नल इमेजमध्ये ते सगळं बसवताना लोकांनी हात टेकले होते. पीएससीआय ०.१ मध्ये सुद्धा फंक्शन आयडी डिव्हाइस ट्रीमधून वाचावे लागायचे, ०.२ पासून ते कायमचे ठरले, म्हणून चिंचवडच्या चिपच्या लॉगमध्ये १.१ असूनही "व्ही०.२ फंक्शन आयडीज" असं छापून येतं. आज फ्रीबीएसडी काय, झेन काय, तोच कॉल मारतात. एसीपीआयवाल्या (हार्डवेअरची माहिती टेबलांतून देणाऱ्या) आर्म सर्व्हरवर डिव्हाइस ट्री नाही, तिथे एफएडीटी टेबलात दोन बिट असतात, एक सांगतो पीएससीआय आहे, दुसरा सांगतो एसएमसी ऐवजी एचव्हीसी (हायपरव्हायझरला हाक मारायची इन्स्ट्रक्शन) वापर, आणि कोअरचे एमपीआयडीआर एमएडीटी नावाच्या टेबलामधून मिळतात. पण शेवटचा कॉल तोच.

झोपाळू_पेंग्विन

एचव्हीसी कुठे लागतं पण? मी क्यूईएमयूमध्ये बघितलं तर मेथड एचव्हीसी दिसली, बोर्डावर सगळीकडे एसएमसी.

म्युनिकचा_माधव्या

व्हर्च्युअल मशीनमध्ये तुझ्या वर ईएल३ नसतो, हायपरव्हायझर असतो ईएल२ मध्ये, म्हणून हाक मारायची ती एचव्हीसीने. केव्हीएम स्वतःच पीएससीआयचं सोंग घेतो, गेस्टने सीपीयू_ऑन मारलं की त्या व्हीसीपीयूचा थ्रेड पळायला लागतो, वीजबीज काही नाही. क्यूईएमयूच्या व्हर्ट मशीनला व्हर्च्युअलायझेशन=ऑन दिलंस की गेस्टलाच ईएल२ मिळतो, मग तिथे मेथड आपोआप एसएमसी होते. डम्पडीटीबीने दोन्हीची डिव्हाइस ट्री काढून शेजारी ठेव, पीएससीआय नोडमधला फरक लगेच दिसेल. कॉपी-पेस्ट करताना मेथड चुकली तर एरर पण मिळत नाही बरं का, कर्नल तिथेच बेशुद्ध पडतो, बरेचदा कन्सोल यायच्या आधी. अर्लीकॉन (अगदी सुरुवातीपासूनचा कन्सोल) लावल्याशिवाय कळतसुद्धा नाही.

कोल्हापुरी_कोअर

एक्स८६ वर काम केलेल्यांसाठी सांगतो, तिकडे हे सगळं अंगावर यायचं. इनिट, मग स्टार्टअप आयपीआय, मग परत एकदा स्टार्टअप आयपीआय, आणि नवीन कोअर उठतो तो १६-बिट रिअल मोडमध्ये, १ एमबीच्या खालच्या पानावर, कारण स्टार्टअप आयपीआयमध्ये पानाचा नंबर फक्त आठ बिटांत मावतो. तिथून ट्रॅम्पोलिनवरून उड्या मारत ६४-बिटपर्यंत कर्नलनेच न्यायचं. फर्मवेअर बाजूला बसून बघत असतं. गंमत म्हणजे आता टीडीएक्सवाल्या कॉन्फिडेन्शियल गेस्टमध्ये इंटेलने पण एमएडीटीमध्ये मेलबॉक्स दिलाय, पत्ता लिहा, फर्मवेअर कोअर पाठवेल.

रिस्क-व्ही वाल्यांनी तर सरळ पीएससीआयचा धडा गिरवलाय. एसबीआयमधलं (त्यांच्या फर्मवेअर इंटरफेसमधलं) एचएसएम एक्स्टेन्शन, हार्ट_स्टार्टला तीन गोष्टी द्या, हार्टचा (म्हणजे कोअरचा) नंबर, पत्ता आणि एक खुणेचा आकडा. सीपीयू_ऑनशी ताडून बघा.

चिंचवडचा_चिप

धागा भलताच रंगला. काका शेवटचं एक, आता चार कोअर आलेत तर मी सिसएफएसमध्ये सीपीयू३ च्या ऑनलाइन फाइलमध्ये ० लिहून बघितलं, "पीएससीआय: सीपीयू३ किल्ड (पोल्ड ० एमएस)" आलं, परत १ लिहिल्यावर उठला पण. म्हणजे सीपीयू० ने सीपीयू३ ला मारलं का? सीपीयू_ऑफला कोअरचा नंबर कुठल्या रजिस्टरमध्ये द्यायचा ते शोधत होतो, सापडलं नाही.

जुनंखोड

सापडणार नाही, कारण तो द्यायचाच नसतो. सीपीयू_ऑन दुसऱ्यासाठी, सीपीयू_ऑफ फक्त स्वतःसाठी. जाणारा कोअर आपली टास्कं, इंटरप्ट दुसऱ्यांकडे सोपवतो, मग स्वतःच ८४०००००२ मारतो, आणि तो कॉल यशस्वी झाला तर परत येतच नाही. आला तर समज काहीतरी बिनसलं, बहुतेक डिनाइड. दुसऱ्या कोअरला चालता चालता बाहेरून मारलं तर त्याच्या हातात कुठला लॉक होता, कॅशमध्ये न लिहिलेलं काय पडलं होतं, काही भरवसा नाही. म्हणून ही सोयच ठेवलेली नाही.

मग गेला हे कसं कळतं? तर मागे राहिलेला कोअर तीच अ‍ॅफिनिटी_इन्फो विचारत राहतो जी तू यू-बूटमध्ये मारलीस, १ येईपर्यंत, जास्तीत जास्त १०० मिलिसेकंद. तुझ्याकडे पहिल्याच फटक्यात १ आलं म्हणून ० एमएस. वेळेत आलं नाही तर "मे नॉट हॅव शट डाउन क्लीनली" छापतो आणि शेवटचं उत्तर काय होतं तेही सांगतो.

प्रॉडक्शनला जायच्या आधी कर्नलमध्ये पीएससीआय चेकर म्हणून कॉन्फिग आहे ते चालू करून एक बूट मार, ते प्रत्येक कोअर बंद-चालू करून आणि सस्पेंड करून दमवतं. आणि आयडल-स्टेट टाकायला घेशील तेव्हा सस्पेंड पॅरामचा आकडा त्या ए५३ च्या फाइलमधून उचलू नकोस. पॉवरडाउन दाखवणारा बिट जुन्या फॉरमॅटमध्ये १६ वा आहे आणि एक्स्टेंडेड फॉरमॅटमध्ये ३० वा, तुझं बीएल३१ कुठला फॉरमॅट बोलतं ते पीएससीआय_फीचर्सला सीपीयू_सस्पेंडबद्दल विचारून आधी बघ.

चिंचवडचा_चिप

तो आकडा उचलून झाला होता आधीच. काढतो.